हाताचा अंदाज

११ जानेवारी

आल्या एकदाच्या वन्सं! एक हात कमरेवर, आणि तोंड असं की जणू मीच त्यांच्या पाठीत धपाटा घातलाय. भाच्यानं सामान दारात ठेवलं, चहाला थांबला नाही. "मामी, फिजिओथेरपीवाली तुमच्या दुकानासमोरच बसते, म्हणून आईला इथं आणलं. पाठ बरी झाली की लगेच घेऊन जातो."

लगेच!

वन्संचं नि माझं फार पटायचं अशातला भाग नाही. माझ्या लग्नापासून त्या माझ्या हातच्या चहाला नावं ठेवत आल्यात. आजही ठेवली. पण हे गेल्यापासून या घरात मला कुणी नावं ठेवली नव्हती. बरं वाटलं.

१२ जानेवारी

फिजिओथेरपीवाली अगदीच पोरगेली आहे. वन्संची पाठ दाबून पाहिली, टोचून पाहिली. स्नायू आखडलेत, काळजीचं काही नाही म्हणाली. थोडे व्यायाम आणि शेक. मग माझी शिकवणी! पाणी उकळतं नको. रबरी पिशवी जाड टॉवेलात गुंडाळायची. पंधरा-वीस मिनिटं पुरे. तिच्यावर झोपायचं नाही. मधूनमधून कातडी बघायची. "आणि किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा हं, तळहातावर नको."

मला शिकवते गरम काय असतं ते! जन्म गेला माझा इस्त्री करण्यात. हात जवळ नेला तरी सांगते, रेशीम टिकेल की जळेल.

१५ जानेवारी

टॉवेल काढून टाकला. त्यातून काय डोंबल शेक लागणार? जाड कापडाला ताव जास्त लागतो, हे मला कुणी सांगायला नको. पाणी चांगलं उकळलं, ह्यांच्या जुन्या शर्टात पिशवी गुंडाळली, तळहात ठेवून पाहिला — कोमट! वन्संना पालथं झोपवलं. म्हटलं, कसं वाटतंय? जरा वेळानं म्हणाल्या, "छान."

मग बोलायला लागल्या. हे लहानपणी झोपेत चालायचे म्हणे! एकदा शेजारच्यांच्या पलंगावर जाऊन झोपले. मला हे आयुष्यात कधी सांगितलं नाही त्यांनी. किती हसलो आम्ही दोघी!

१८ जानेवारी

दुकान लवकर बंद केलं. गिऱ्हाईक कुरकुरलं. कुरकुरू दे.

२१ जानेवारी

शेक देताना विचारलं, "वन्सं, आता कशी आहे पाठ?"

"आहे गं अजून. जाते होय इतक्यात!"

ऐकून मला हायसं वाटलं. देवा! कुणाची पाठ दुखत राहावी असं वाटणं बरं नव्हे. पण वाटलं, खोटं कशाला लिहू. आज त्यांची कातडी बघायची होती, तर पदर ओढून घेतला. "राहू दे, ठीक आहे सगळं." मीही राहू दिलं.

२४ जानेवारी

वन्संचा ब्लाउज इस्त्रीला घेतला, तर पाठीकडे पिवळट, ओलसर डाग! कपड्यावरचा डाग मला कळतो. तशीच घरी धावले. बळेबळे पाठ बघितली. लालभडक झालेली, आणि दोन फोड फुटलेले.

फिजिओथेरपीवालीला बोलावलं. तिनं मला पिशवी रोजच्यासारखी भरायला लावली. मनगट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. "हे तुम्हाला कोमट वाटतं?" मग माझा तळहात उघडून बघितला. "मावशी, चटके खाऊन खाऊन निबर झालेत हो हात. यांना आता गरम कळत नाही."

इतकी वर्षं ज्या हातांचा तोरा मिरवला ते हे! डॉक्टरांकडे जाऊन मलमपट्टी करून आणली. रडू आवरेना. वन्संच माझी समजूत काढत होत्या, "अगं, मला काही कळलंच नाही, तर तुला कसं कळणार?"

२५ जानेवारी

भाचा आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मामी, तुमच्या भरवशावर ठेवलं होतं आईला." वन्सं गाडीत बसल्या. काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या. माझी मान वर होईना.

२७ जानेवारी

दिवसभरात बोलले ते एवढंच — "उद्या संध्याकाळी न्या." चार गिऱ्हाइकांना चारदा.

३१ जानेवारी

आज राहवलं नाही. तसंच उकळतं पाणी भरलं, तोच शर्ट गुंडाळला, आणि पिशवी स्वतःच्या पाठीला लावली. आई गं! क्षणभरही सोसवेना.

समोर जाऊन त्या मुलीला विचारलं, वन्संची पाठ बधिर आहे का? "नाही हो, पहिल्याच दिवशी तपासली होती. चांगलं कळतं त्यांना."

मग बोलल्या का नाहीत? माझा राग होता म्हणून? मला धडा शिकवायला? डोकं बंद पडलंय नुसतं. हाक मारून विचारावं तर घरात कोण आहे!

२ फेब्रुवारी

दुपारी वन्संचा फोन. आवाज अगदी दबका, सूनबाई आत झोपली होती म्हणे. "रागावू नकोस गं. माझी पाठ तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दुखायची राहिली होती. चटका बसायचा, पण नको म्हटलं असतं तर घरी यावं लागलं असतं. इथं माझ्याशी कुणी बोलत नाही."

दुकान बंद केलंय. आणायला निघाले.