मागच्या दाताखाली

मंगळवार, ४ फेब्रुवारी

— आणि सई चावली. डॉक्टरांच्या बोटाला, कचकन. त्यांनी हात मागे घेतला, हातमोजा काढला, बोट उजेडात धरून पाहिलं. रक्त नव्हतं. दुसरा हातमोजा चढवला. रागावल्या नाहीत. मला त्याचाच राग आला.

चूक मदतनीस बाईची. 'कुछ नहीं बेटा, बस एक चींटी काटेगी.' सईने खुर्चीवरून इकडेतिकडे पाहिलं. 'यहाँ चींटी कहाँ से आई?' डॉक्टरांचं बोट आत गेलं आणि सईने तोंड मिटलं. मग ते कोणालाच उघडता आलं नाही.

डॉ. नुजहतना पुसटसं दिसलं ते एवढंच: खाली डावीकडची एक दाढ किडली आहे, तिच्या मागेही काहीतरी काळं आहे. फिलिंग करावं लागेल. मागचं नीट पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पुढच्या मंगळवारी या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलीला खोटं सांगू नका. दुखणार नाही असं म्हणू नका. जे होणार आहे तेच सांगा.

ऑटोत सई माझ्याकडे पाठ करून बसली. कोटऱ्याचा चढ आला तेव्हा म्हणाली, 'मी सॉरी नाही बोलणार हं.'

वय सात वर्षं, चार महिने.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांचं मत: दुधाचे दात. पडणारच.

सासऱ्यांशी वाद घालणं सोपं नाही. ते आवाज चढवत नाहीत. नागपूर सोडून सरकारी कचेरीबरोबर इथे आले, चौतीस वर्षं फायली केल्या, आणि निवृत्त झाल्यावर होमिओपॅथीची पुस्तकं आणली. संध्याकाळी पाच ते सहा गल्लीतले लोक येतात. खोकला, अंगावर पित्त, सुनेशी पटत नाही. बाबा सगळं ऐकून घेतात, वहीत लिहितात, पुडी देतात.

सईला दिवसातून चार वेळा, चार गोळ्या. साबुदाण्याएवढ्या, पांढऱ्या. आजोबा म्हणतात 'आ कर', आणि ही पोरगी — काल जी डॉक्टरांना चावली — पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडते. डोळे मिटून!

मी म्हणाले, बाबा, साखर आहे ती.

'साखर नाही. माध्यम आहे.'

यापुढे बोलणं होत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कौस्तुभचा सिंगरौलीहून फोन. साइटवर काँक्रीट चालू आहे, मागे मिक्सर ओरडत होता. नवराही ओरडून बोलत होता. 'अगं, पाडायच्या भिंतीला कोणी प्लास्टर करतं का?'

मी म्हटलं, ती भिंत रात्री रडते.

ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

मुलगी माझी, तशी त्याचीही. पण ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिला खुर्चीत बसवायची मी. चावून घेणाऱ्या डॉक्टरांची माफी मागायची मी. आणि 'तू फार टेन्शन घेतेस' हेही मीच ऐकायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरीच सराव. चमचा, टॉर्च, माझा तळहाताएवढा आरसा. अट अशी की आधी ती डॉक्टर. तिने माझे दात मोजले, एक कमी निघाला. कुठे गेला विचारलं. अक्कलदाढ होती, काढली. 'म्हणून?' म्हणाली. म्हणजे काय ते विचारायचं धाडस झालं नाही.

मग तिची पाळी. तेवीस. परत मोजले. तेवीस. बाबांच्या पुस्तकात दुधाचे दात वीस लिहिले आहेत. तिसऱ्यांदा मोजायला गेले तर तोंड बंद. 'टाइम ओव्हर.'

मला मोजता येत नाही, एवढंच.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुखायचं थांबलं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फोन करून वेळ रद्द केली. ऑफिसात सहावीच्या पुस्तकाची प्रूफं आली होती, हे कारण दिलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. आज कोणी मला थांबवलं नाही. सगळ्यांचं बोलून झालेलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

कौस्तुभ आला आणि गेला. सईला उचलून उजेडात धरलं, 'कुठे आहे तो राक्षस?' ती हसली, हसताना त्याला जेवढं दिसलं तेवढं दिसलं. 'एवढंसं तर आहे.'

वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीकाकू डबा परत द्यायला आल्या होत्या. त्यांच्या निनादचे म्हणे सगळेच काळे होते, भुतासारखा दिसायचा. 'पडले. नवे आले ते बघ, आता ॲलाइनर लावून बसलाय पुण्यात.' सगळे हसले. मीही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ऑफिसातून आले तर सई स्वयंपाकघराच्या फरशीवर. डावा गाल लादीला लावून, गुडघे पोटाशी. शाळेच्या दारात बोरं घेतली होती, तिखटमीठ लावलेली. पहिलंच बोर चावलं आणि कळ कानापर्यंत गेली. बाबा शेजारी खाली बसले होते. त्यांनी दोनदा गोळ्या दिल्या होत्या. तिच्या केसांतून हात फिरवत होते. मला पाहून उठायला गेले, एकदम उठता आलं नाही.

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढून आणा. त्याला तोंड उघडावं लागत नाही.

दोन आठवडे! हे आधी सांगता आलं असतं. मग आठवलं — मंगळवारी मी गेलेच नव्हते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हबीबगंजला एक्स-रे. स्टेशनचं नाव बदलून किती दिवस झाले, ऑटोवाल्याला नवं नाव सांगितलं तर त्याने मान वळवून पाहिलं. 'हबीबगंज बोलो ना, मैडम.'

सईने पुढच्या दातांत एक काडी धरली, यंत्र तिच्या डोक्याभोवती फिरलं. तिला आवडलं. 'और एक बार?'

तिथून दवाखान्यात. फिल्म डॉक्टरांनी उजेडाच्या पाटीवर लावली. माझ्या मुलीचा जबडा. वरती छोटे दात, आणि त्यांच्या खाली, हाडाच्या आत, मोठे दात. ओळीने बसलेले, आपली वेळ येईपर्यंत. किडलेल्या दाढेखालीसुद्धा एक होता. डॉक्टरांनी पेनने दाखवला. मग पेन मागच्या दाढेवर नेला. तिच्या निम्म्या उंचीपर्यंत काळी सावली. तिच्या खाली हाड. फक्त हाड.

'इसके नीचे कोई नहीं है.'

ही दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, सगळ्यांच्या मागे, कुठलाही दात न पडता. दात पडला नाही म्हणून कोणाला कळत नाही. बरेच आईबाप तिला दुधाचीच समजतात, डॉक्टर म्हणाल्या. ही पक्की. आयुष्यभराची. कीड नसेपासून केसभर लांब आहे. आठवड्याभरात फिलिंग झालं तर दात जिवंत राहील. नाही तर नस काढावी लागेल, सात वर्षांच्या मुलीच्या दाताची, ज्याचं मूळ अजून पूर्ण झालेलं नाही. कदाचित दातच.

म्हणजे तेवीस बरोबर होते. वीस दुधाचे आणि अशा तीन, चौथी अजून यायची आहे.

मी विचारलं, गोळ्यांमुळे झालं का? मला हो हवं होतं. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या, बिस्किटं, झोपताना गोड दूध, सगळं मिळून.

दूध मी देते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाबांना फिल्म दाखवली. खिडकीला धरून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, 'मला कोणी सांगितलं नव्हतं.'

मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. साखर हा शब्द फार वेळा आला. शेवटी सईच्या गोळ्यांची बाटली मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांनी अडवलं नाही.

मलाही कोणी सांगितलं नव्हतं. हे मी म्हणाले नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

या वेळी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी सुई दाखवली. आधी जेल लावेन, मग टोचेल, दहापर्यंत मोजायचं, मग गाल जाड वाटेल, मग मशीनचा आवाज. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन. सईने सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावत. एक प्रश्नही विचारला, मशीनमधून पाणी का येतं. उत्तर ऐकलं. मग म्हणाली, 'समझ गई. नहीं करना.'

आणि ओठ आत ओढून घेतले.

पन्नास मिनिटं. कार्टून लावलं, फुगा केला, मी विनवलं, मी रागावले, मी बाहेर गेले, मी आत आले. बाहेर बसलेली एक बाई सुनावल्यासारखं म्हणाली, 'आजकल के बच्चे.' मी तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर भांडले असते.

दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात बेशुद्ध करून. तारीख एप्रिलची मिळते आहे. डॉक्टरांनी फिल्मकडे पाहिलं. 'अप्रैल तक ये फिलिंग का दाँत नहीं रहेगा.'

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संध्याकाळी बाल्कनीच्या दारामागे वाळलेले कपडे काढत होते. बाबा खुर्चीत. सई शाळेतून आली, दप्तर टाकलं, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तोंड उघडलं. सवयीने. डोळे मिटून.

बाबांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. 'आई रागावते, बाळा.'

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तोंड उघडं. मला मागची दाढ दिसली. इतकी स्पष्ट, की काळा खड्डा, त्याची कड, सगळं.

मला एक गोष्ट सुचली. चांगली नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दवाखाना बंद. एक दिवस आणखी गेला.

बाबांचा उपास. दुपारी त्यांच्यासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवली आणि तिथेच बसले. पाच दिवसांनी बोललो आम्ही. मी सांगितलं: उद्या तुम्ही चला. तिला 'आ कर' म्हणा, जसं रोज म्हणता. तिने तोंड उघडलं की ते रबराचं ठोकळ्यासारखं असतं ना, दाढांमध्ये ठेवायचं, ते बाई ठेवतील. मग तोंड मिटता येत नाही.

बाबा खिचडी कालवत राहिले. 'तिला सांगायचं नाही?'

'सांगून झालं सोमवारी.'

'म्हणजे मी फसवायचं.'

मी म्हटलं, दात वाचवायचा. ते म्हणाले, दोन्ही एकच आहे का. मी म्हटलं, बाबा, त्या दाढेखाली दुसरा दात नाही.

त्यांनी ताट बाजूला सारलं. अर्धं. 'किती वाजता?'

डॉक्टरांना फोन केला नाही. त्या नको म्हणाल्या असत्या. मदतनीस बाईला तेवढं कळवलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

झालं.

सई खुर्चीत चढली, कारण आजोबा होते. ओठ घट्ट. डॉक्टर पाठमोऱ्या उभ्या, सामान मांडत होत्या. बाबा तिच्यावर वाकले. 'सई, आ कर.' उजवा हात मुठीसारखा धरलेला, रोज धरतात तसा. तिने डोळे मिटले. तोंड उघडलं. मूठ रिकामी होती. बाईंनी ठोकळा सरकवला.

सईने डोळे उघडले. रडली नाही. आजोबांच्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

डॉक्टर वळल्या. आधी सई, मग मी. 'ऐसा नहीं तय हुआ था.' मी खाली पाहिलं. त्यांनी एक क्षण ठोकळा काढायला हात नेला. मग फिल्मकडे पाहिलं, आणि सईशी बोलू लागल्या. सोमवारी सांगितलं तेच पुन्हा, सगळं, हळू. दुखलं तर हात वर कर. मी थांबेन, पक्का.

पस्तीस मिनिटं. जेल, सुई, मशीन. नस उघडी पडली नाही. आधी औषध, वर फिलिंग. दात वाचला, डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने पाहू. पुढची दुधाची दाढही त्याच बैठकीत भरली.

सईने हात वर केला नाही. तो बाबांच्या हातात होता. उचलायचा नव्हता की उचलता आला नाही, मला माहीत नाही. मी पायाशी उभी होते.

ऑटोत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. गाल सुन्न, ओठ लोंबलेला. बाबांनी रुमाल पुढे केला. तिने माझी ओढणी घेतली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी सईने पोळी डाव्या बाजूने चावून खाल्ली. दुखत नाही म्हणाली. माझ्यासमोर आ करून फिलिंग दाखवलं. बाबा चष्मा लावून जवळ आले, 'मला बघू दे.' तिने तोंड मिटलं. शाळेच्या व्हॅनपर्यंत रोज तेच सोडतात. आज ती एकटी जिना उतरली.