निवडुंगावरची छत्री

औरंगाबाद,
१२ सप्टेंबर १९६१

ती. दमयंतीआत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे या दमट हवेतही चालते असावेत आणि आतोबांचा खोकला (तपकीर खरोखर सोडली असल्यास) कमी असावा. माझी प्रकृती ठीक आहे. हेमचंद्रांच्या स्थळाला काय कळवायचं, हे तू तिसऱ्यांदा विचारलं आहेस. पावसाळी प्रयोग संपला की उत्तर देते, असं मी म्हटलं होतं. प्रयोग संपला आहे, पण ठरल्याप्रमाणे नाही.

पडेगावच्या साळूबाईंच्या वावरात फड्या निवडुंग माजला आहे. तो मारायला आमच्या शेतकी खात्याने त्यावर कोचिनील किडे सोडले. हा किडा कापसासारख्या पांढऱ्या आवरणात बसून निवडुंगाचा रस शोषतो (चिरडला तर लालभडक रंग सुटतो). जोराच्या पावसात त्याची पिल्लं धुऊन जातात. किती जातात, ते पाहायला एक झुडूप उघडं ठेवलं आणि दुसऱ्यावर छत्री बांधली. (छत्री हेमचंद्रांची. मला पाहायला आले तेव्हा विसरून गेले होते.) मग कामासाठी आठवडाभर परभणीला गेले. परत येऊन पाहते तो छत्रीखालच्या निवडुंगाला खण-नारळ, हळद, आणि साळूबाई त्यावर घागरीने पाणी ओतताहेत.

"देवी हाय," त्या म्हणाल्या. "न्हायतर सरकारनं उगंच छत्र धरलं व्हय? बोट लावलं की कुकू निघतंय!"

मी एक किडा चिरडून खरं कारण दाखवलं. त्यांनी हात जोडले आणि तोच रंग माझ्या कपाळाला लावला. "तुझं लगीन जमंल, पोरी. लई कडक हाय ही."

त्या आठवड्यात पाऊस पडलाच नाही. उघड्या झुडपावरची पिल्लं खुशाल आहेत, छत्रीखाली एकही उरलं नाही. आकड्यांवरून छत्रीने पाऊस वाढतो असं सिद्ध होतं. साहेबांना ते पटलं नाही. प्रयोग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करायचा आहे. तेव्हा उत्तरही पुढच्या पावसाळ्यात.

आतोबांना नमस्कार, आणि तपकिरीची डबी तुझ्याजवळच राहू दे.

तुझी
प्रमोदिनी

ता. क. : हेमचंद्र छत्रीची चौकशी करतात, असं लिहितेस. ती परत मिळणार नाही. काल तिला झालर लागली.

आणखी एक : हस्ताचा पाऊस अजून बाकी आहे. नव्या झुडपावर प्रयोग लगेच करता येईल. मात्र छत्री बांधली की देवी होते, म्हणून ती कुणीतरी धरून उभं राहायला हवं. हेमचंद्रांना विचारून पाहा. येताना मोठी छत्री आणावी. नोंदी घेणारीलाही भिजायचं नाही.