सँपल फ्लॅट, पहिला मजला

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

आजपासून आम्ही घरमालक! खोपोलीच्या भाड्याच्या खोलीत सात वर्षं काढली, आता कर्जतला स्वतःचं दार, स्वतःची पाटी. त्या आनंदात ही नवी वही घेतली आहे.

स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटं, कडावच्या रस्त्याला. परवापरवापर्यंत इथे भातखाचरं होती. आता डांबरी रस्ता आहे, औषधांचं दुकान आहे आणि कोपऱ्यावर चक्क एक कॅफे. भाग सुधारतोय, असं सगळेच म्हणतात. शेजार मला फार आवडला. समोर जमीन विकून आलेलं कडावचं आगरी कुटुंब, वर एक गुजराती आजोबा, खाली शकूरभाई आणि झोहराभाभी. भाभींनी सामान उतरायच्या आत सांदणांची ताटली पाठवली.

आमचा फ्लॅट म्हणजे बिल्डरचा सँपल फ्लॅट, सोफ्यासकट, पडद्यांसकट. भावही कमी लागला. अट एकच. बाकीचे फ्लॅट विकले जाईपर्यंत दर रविवारी गिऱ्हाइकांना घर दाखवायचं, आणि आपण घरात असायचं. साइट ऑफिसातला रुद्र म्हणाला की लोकांना नांदतं घर बघायला आवडतं. मनोजला ही कटकट वाटते. मला नाही. माझं घर दहा लोकांनी बघितलं तर माझं काय झिजतंय?

आमच्या लेकीने, सुरभीने, टेबलावरचं सफरचंद उचलून चावलं. प्लॅस्टिकचं निघालं. आम्ही तिघंही हसून हसून बेजार.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी सहालाच उठून उंबऱ्यावर रांगोळी काढली. दिवसभरात पाच कुटुंबं आली. माझी कपाटं उघडून बघत होती, पण मी मनाला लावून घेतलं नाही. आमसुलाची आमटी उकळत होती. डोंबिवलीच्या एक बाई दारातच थबकल्या, डोळे मिटून म्हणाल्या की घराला असा वास हवा. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी तिथल्या तिथे बुक केला. मी उगाच का सुगरण म्हणवते! रुद्रने मला हात जोडले.

बुधवार, २० नोव्हेंबर

तीन दिवस आमटीला वास नाही. फोडणी तडतडते, हिंग पडतो, चव ठीक लागते, वास मात्र काडीचा नाही. आधी वाटलं मला सर्दी झालीय. मनोजलाही येत नाही, सुरभीलाही नाही. हिंग बदलून बघितला.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज ठाण्याचं एक जोडपं आलं होतं. मनोज त्यांच्याशी बोलताना नेहमीसारखा गडगडून हसला. या हसण्यावर भाळूनच मी लग्नाला हो म्हटलं होतं. ते गृहस्थ बायकोला म्हणाले की पुरुषाच्या हसण्याने घर कसं भरून जातं बघ. तिसरा मजला बुक.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मनोज हसत नाही. सुरभीने आज त्याची टोपी घालून नक्कल केली, त्याने तोंड उघडलं, खांदे हलले. आवाज आला नाही. तो स्वतःच घाबरून उठून गेला.

दुपारी तो साजगावला कंपनीत असताना मी जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर डोंबिवलीच्या बाई राहायला आल्यात. त्यांच्या दाराखालून माझ्या आमटीचा वास येत होता. माझ्याच. मी ओळखणार नाही होय? तिसऱ्या मजल्यावर, बंद दारामागे, मनोज गडगडून हसत होता.

विमलबाई जिना झाडत होत्या. या शेजारच्या वाडीतल्या, बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून कामाला. माझा चेहरा बघून त्यांनी झाडू ठेवला. म्हणाल्या, "ताई, चांगलं काय दावू नका गं. आवडलं की जातं. मी झाडताना गायची. तुमच्या फ्लॅटची साफसफाई करत व्हते, एका बाईनं म्हटलं, किती ग्वाड गळा हाय. आता चौथ्या मजल्याव रोज गाणं लागतंय. माजं त्वांड उगडलं तर काय नाय." मी विचारलं, परत कसं मिळवायचं. त्यांनी झाडू उचलला आणि खालची पायरी झाडायला घेतली.

रविवार, १ डिसेंबर

सुरभीला माझ्या बहिणीकडे खोपोलीला पाठवलं आणि दाराला आतून कडी लावली. रुद्रने बाहेरून हाका मारल्या, करार दाखवला, शेवटी मनोजनेच दार उघडलं. मला म्हणाला, वीस वर्षांचं कर्ज घेतलंय, वेड लागलंय का तुला.

भिंतीवरचा सुरभीचा फोटो काढायचा राहिला. एवढी एक गोष्ट माझ्या हातून राहिली. पुढचे दोन दात पडलेत आणि ती खुशाल हसतेय, तो फोटो. नेरळची एक मुलगी, पोटुशी, त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मी मध्ये उभी राहिले तर माझ्या खांद्यावरून बघायला लागली. जाताना फ्लॅट बुक करून गेली.

संध्याकाळी बहीण सुरभीला घेऊन आली. मी तिला गुदगुल्या केल्या. ओठ फाकले, दातांची खिंड दिसली. हसू नव्हतं.

बुधवार, ४ डिसेंबर

मनोजला सगळं सांगितलं. निघून जाऊ म्हटलं. तो म्हणाला, कुठे जायचं, गेलेलं तर इथेच राहणार. त्याने विश्वास ठेवला की नाही, तेही आता कळत नाही. पूर्वी हसण्यावरून कळायचं.

सुरभीला घराबाहेर ठेवूनही उपयोग नाही, फोटोवरूनही नेतात. तिच्या फ्रॉकवरून नेतील, चपलांवरून नेतील. डोळे आहेत, बोबडं बोलणं आहे, झोपताना माझी कानाची पाळी धरणं आहे. काय काय लपवू?

विमलबाई म्हणाल्या, "नावडतं तेवडंच आपलं."

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी सुरभीचे केस कात्रीने वेडेवाकडे कापले. मळका फ्रॉक घातला. पाहुणे आले की थुंकायचं, शिव्या द्यायच्या, असं शिकवलं. तिला जमेना. पहिल्याच बाईला म्हणाली, या ना, बसा. त्या बाई विरघळायला लागल्या तशी मी मागून तिला चिमटा काढला, जोरात. ती किंचाळली, बाईंच्या साडीवर पाणी सांडलं. बाई तोंड वाकडं करून निघून गेल्या.

काही गेलं नाही! रात्रीपर्यंत सगळं तपासलं. बोबडं बोलणं आहे. पाळी धरणं आहे. दंडावर काळंनिळं झालंय, मी तेल लावलं.

रविवार, १५ डिसेंबर

मारलं. चार कुटुंबांसमोर, चार वेळा. दुसऱ्या वेळेपासून तिने हात वर करून तोंड झाकायला सुरुवात केली. लोक चपला घालून पळाले. रुद्र चिडला, मालकांना सांगणार म्हणाला. सांग.

बाथरूमचा नळ सोडून रडले. माझ्या हाताची मला शिसारी येते. पण ती अख्खी आहे. जेवढी उरली तेवढी अख्खी आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

ती मला बघून दारामागे जाते. जाऊ दे. दारामागे का होईना, आहे.

रविवार, २२ डिसेंबर

पनवेलचं जोडपं. मूल नाही त्यांना, बाईंनी आल्या आल्या सांगितलं. मी सुरभीला ओढून आणलं, मारलं. ती कळवळली आणि — मलाच येऊन बिलगली. दुसरं कोण आहे तिला. मी विसरले. क्षणभर सगळं विसरले आणि तिला घट्ट धरलं, तिच्या कापलेल्या केसांत तोंड खुपसलं.

वर बघितलं तर बाईंचे डोळे भरलेले. नवऱ्याला म्हणाल्या, बघा हो, कशी माया आहे. मला माझ्या घरात हीच माया हवी.

मुलीची नाही. माझी.

मी पाया पडले त्यांच्या. मनोज मला सोडवायला लागला. ते खाली ऑफिसात गेलेत. रुद्र फॉर्म भरतोय. लवकर लिहिते.

तिचं नाव सुरभी. पाच वर्षांची. जन्म पहाटेचा, खोपोलीला. डाव्या कानामागे तीळ. भात तुपाशिवाय खात नाही. मारलं ते तिच्यासाठीच मारलं. माझा जीव आहे तिच्यावर. माझा जीव आहे. हे वाचून मला कळलं पाहिजे — उद्या वाचायचं — रोज —

सुरभी. पाच वर्षांची. कानामागे —

खाली खुर्च्या सरकल्या. कुणीतरी अभिनंदन म्हणालं.

एक मुलगी माझ्या कुशीत बसलीय. केस कुणी असे कापलेत कोण जाणे. माझी कानाची पाळी ओढतेय, दुखतंय. किती वेळ सांगतेय हिला, बाजूला हो, तर —