मिस हॅनाची खुर्ची

१२ सप्टेंबर २००५, बॉथेल
आले बाई एकदाची अमेरिकेत! देवांग सकाळीच ऑफिसला पळाला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्यांना नोकरी करता येत नाही, म्हणून त्यानेच गावातल्या छोट्या म्युझियममध्ये मला फुकटचं काम लावून दिलंय. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

२० सप्टेंबर
काम झकास आहे. मिस हॅना म्हणून कुणी बाई होती, शंभर वर्षांपूर्वी तिचा इथे फोटो स्टुडिओ होता. तिच्या काचेच्या निगेटिव्ह मी स्कॅन करते. बाईला स्वतःचेच फोटो काढायचा भारी नाद! खुर्चीत बसायचं, डाव्या हातातला रबरी फुगा दाबायचा, की लांब नळीतून हवा जाऊन समोरच्या कॅमेऱ्याचं शटर उघडतं. एवढा खटाटोप करून प्रत्येक फोटोत तोंड मात्र फिरवलेलं. काय तो नखरा! तिचा लाकडी कॅमेरा आणि खुर्ची माझ्या टेबलासमोरच मांडलीय.

१२ ऑक्टोबर, दसरा
आज कामाच्या वस्तूंची पूजा. माझी वस्तू कोणती? हॅनाचा कॅमेरा! म्युझियमच्या डोरोथीबाईंनी हौसेने परवानगी दिली. अक्षता वाहून रीतसर आवाहन केलं, या, बसा म्हटलं. हळदकुंकू, फूल, पेढा. इथल्या मराठी मंडळाच्या पार्टीला उशीर होतोय म्हणून देवांगचे फोनवर फोन, तशीच धावत निघाले.

१५ ऑक्टोबर
पार्टीचे फोटो आले. सगळ्यांत माझं तोंड फिरलेलं, डावी मूठ आवळलेली. मी तर चांगली हसत होते! देवांग म्हणतो, हलली असशील.

१९ ऑक्टोबर
आईला नागपूरला फोन केला. ती आधी हसली. मग एकदम विचारलं, उत्तरपूजा केलीस ना? ज्याला बोलावलं त्याला अक्षता टाकून निरोप द्यायचा असतो. मी विसरलेच होते.

२४ ऑक्टोबर
हॅनाच्या सगळ्या काचांवर खुर्ची रिकामी. डोरोथीबाई म्हणतात, पहिल्यापासूनच तशी आहे.
आणि माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती. माझ्या शालूत, देवांगशेजारी. आता तोंड समोर. देवांग चिडला, म्हणाला, ही तूच, वेडी आहेस का? आईला ईमेलवर फोटो पाठवला. आई म्हणाली, किती गोड दिसतेस गं.
मी रडले खूप. माझी माणसं मी हिला देणार नाही.

२६ ऑक्टोबर
आरशात मी आहे अजून. पुसट — पण आहे. उद्या उत्तरपूजा.

२७ ऑक्टोबर
म्युझियममध्येच लिहितेय. अक्षता टाकल्या. हात जोडले, पाहुणीला म्हटलं, आता परत जा —
पण पाहुणी कोण, हे अक्षतांना कसं कळावं — फोटोत तर घरची तीच —
खुर्चीत कधी बसले मी? उठता येत नाही — डाव्या हातात फुगा —
माझ्या टेबलाशी कुणी उभी आहे. माझा कुर्ता. देवांगचा फोन घेतेय, माझ्या आवाजात म्हणतेय, निघालेच —
देवांग, ती मी नाही —