पश्चिमेची खिडकी

आई,

आबा आता बारामतीत माझ्याकडे असतात. तू गेलीस तेव्हा ते रोज निमगावच्या पानमळ्यात जात होते, म्हणून हे आधी सांगते. मळा मोडला. तिथे आता डाळिंब आहे आणि ते दुसरंच कोणी बघतं. आबांच्या हे सांगूनही लक्षात राहत नाही. सकाळी उठले की विचारतात, वेलींना पाणी दिलं का. मी दिलं म्हणते. डॉक्टरांनी या विसरण्याला एक नाव दिलं आहे, पण नाव मिळाल्याने काही हलकं झालं नाही.

हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, मोठी, सरकत्या काचांची. संध्याकाळी दिवे लावले की काचेत सगळी खोली दिसते आणि खोलीत बसलेले आबा. ते स्वतःला ओळखत नाहीत. त्यांना वाटतं, बाहेर कोणी माणूस बसला आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, तिथे कोणी कसं बसेल, हे समजावून झालं. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात होते. ते कोणाशी बोलताहेत हे बघायला मी बाहेर आले, तर ते काचेला सांगत होते, “बाहीर कशापायी बसलायस? आत ये की. पोरगी च्या टाकंल.” मग तो माणूस रोज येऊ लागला. आबा त्याला पाऊसपाणी सांगायचे, इंदापूरच्या बाजारातले भाव विचारायचे. तो उत्तर देत नाही म्हणून तोंडात पान आहे का तुझ्या, असं म्हणून हसायचे. असे हसताना मी त्यांना कितीतरी दिवसांनी पाहत होते, त्यामुळे काही केलं नाही.

मागच्या महिन्यात ते त्याला आणायला गेले. मी आंघोळीला गेले होते. दार उघडं, जिना मोकळा. उसाचे ट्रॅक्टर जातात त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला ते अनवाणी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक दिव्याला हात करत होते. डॉक्टर म्हणाले, काच झाका, नाहीतर त्यांना कुठेतरी ठेवायचा विचार करा. पडदा होताच, पण तो आबा बाजूला सारायचे. पाहुणा बाहेर ठेवून आडोसा करतेस, ही कुठली रीत, असं मला विचारायचे.

म्हणून ब्लाइंड बघायला गेले. दुकानदाराने कापडाचे तुकडे पुढे टाकले. गुंडाळायचे, आडव्या पट्ट्यांचे, बांबूचे. रंग कुठला, सोफा कुठला, असं विचारत राहिला. मी म्हटलं, काच दिसता कामा नये. कडेनेसुद्धा नाही. त्याला वाटलं, उन्हाचा त्रास आहे. मी तसंच वाटू दिलं. चौकटीच्या आत बसवला तर दोन्ही बाजूंनी फट राहते, म्हणून चौकटीबाहेर, खोलीतल्या भिंतीवर, हातभर जास्त रुंद घ्यायचं ठरलं. रंग मातकट. साखळी वर खिळ्याला अडकवायची, आबांचा हात पोचणार नाही इतकी वर.

ब्लाइंड बसवायला दुकानाचा माणूस येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आबा काचेपुढे बसले आणि तुझ्याबद्दल बोलले. तुला आठवतं, महिन्याच्या त्या चार दिवसांत तू मळ्यात जायची नाहीस. बाईच्या विटाळाने पानवेल जळते, असं सगळेच मानायचे. तू बांधावर भाकरी ठेवायचीस आणि लांब सरकून बसायचीस. आबा यायचे, भाकरी उचलायचे, आत जाऊन खायचे. आपण आत का जात नाही, असं मी एकदा विचारलं तर तू माझा दंड धरून म्हणालीस, गप चल.

आबा त्या माणसाला म्हणाले, “उन्हात बसायची ती. वेल काय जळत न्हाय, मला ठावं हुतं. एकदा त्या दिसांत, पाला तोडताना आलती ती आत, न सांगता. पान झ्याक आलं त्या साली. तरी ह्ये खरं न्हाय, असं म्हणलं न्हाय मी कुणाला.” मग म्हणाले, “बांधावर बसून खायाला काय झालं हुतं मला.”

माझ्याशी ते हे कधी बोलले नाहीत. तुझ्याशी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी ब्लाइंड बसला. आबांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. त्यांना तो मळ्याचा कूड वाटला, पश्चिमेचा वारा अडवणारा. मळ्यात शिरताना काढायचे तशा चपला काढून त्याच्यापाशी उभे राहिले. ड्रिलवाल्याला सांगितलं, लई दाट नगं, पानाला उजेड लागतो. तो म्हणाला, व्हय आबा, इरळ हाय. विरळ नव्हता.

आता संध्याकाळी खोली शांत असते. दोन दिवस त्यांनी तो माणूस कुठे गेला म्हणून विचारलं, मग विचारायचं सोडलं. लवकर झोपतात. मीही झोपते. त्यांना कुठेतरी ठेवायचा विषय मिटला आहे. तुझं नाव त्यानंतर निघालेलं नाही. मी काढून पाहिलं, तर वेलींना पाणी दिलं का, म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. काल दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दिवे लावल्यावर ब्लाइंड वर ओढला. यात त्यांचं भलं नाही, हे मला माहीत होतं. आबांनी खुर्ची काचेजवळ ओढली. मग म्हणाले, “आलास व्हय?”

मी स्वयंपाकघरात जाऊन पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.