कुळाचा तिसरा नियम

शनिवार, ३ फेब्रुवारी

काय हा माणूस! भर खेळात आमचे हे म्हणाले, "वीज गरोदर आहे. चौथा महिना."

वीज म्हणजे ह्यांची लढवय्यी. कागदावरची. लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून दर शनिवारी दुपारी आम्ही हा एकेक सोंग घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ खेळतो. लेक लॅपटॉपच्या पडद्यावरून डोंगर, बर्फ, राक्षस सगळं सांगते, आम्ही इथे जेवणाच्या टेबलावर फासे टाकतो. मी कुळाची सरदार. दीर म्हातारा मांत्रिक. शेजारच्या शिंपीणबाई तिरंदाज. आणि तीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडणारे आमचे हे — कुळातली सगळ्यात शूर बाई! पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसलो होतो.

आजही आधी हसलोच. दीर म्हणाला, "दादा, मूल कोणाचं? राक्षसाचं?"

हे हसले नाहीत. "तो गेला. तिला तो परत नकोय. लग्न झालेलं नाही."

लेक पडद्यावर पाणी प्यायली. म्हणाली, "बाबा, हे आपलं ठरलं नव्हतं." मग म्हणाली, "ठीक आहे. लिहून घेते."

दिराने लगेच कुळाच्या नियमांचा कागद पुढे ओढला. "वहिनी, तिसरा नियम!"

हे नियम माझेच. खेळ सुरू झाला तेव्हा लेक म्हणाली होती, नियम सरदाराने लिहायचे. भाजी चिरता चिरता पाच लिहून टाकले. तिसरा — बापाचं नाव नसलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला कुळाच्या शेकोटीपाशी जागा नाही. कुठून सुचलं कोण जाणे.

रविवार, ४ फेब्रुवारी

जेवताना विचारलं, "हे काय नवीन खूळ?" तर म्हणे, "खेळच आहे गं." पण ताट अर्धं तसंच.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मी काम करते त्या दातांच्या लॅबमध्ये एक कवळी परत आली. त्या आजींच्या पुढच्या दोन दातांत फट होती, मी नव्या कवळीत ती बुजवून टाकली होती. छान सरळ दात दिले होते! आजींनी निरोप पाठवला — "ही कोणाची कवळी? मला माझं तोंड परत हवं." मालक हसून लोटपोट. मी नाही हसले. एवढं नीटस काम! मेण वितळवून पुन्हा बसवते आहे. फटीसकट.

शनिवार, १० फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. कागदी बाईवरून!

दीर म्हणतो, आज हिला सोडलं तर उद्या कुळाला कोणी विचारणार नाही. शिंपीणबाई उसळल्या — "पुलावर एकटीने सात जण अडवले, तेव्हा नाही विचारलंत लग्न झालंय का म्हणून! तेव्हा बरी चालली!"

"तो लढाईचा भाग. हा अब्रूचा," दीर म्हणाला.

"अब्रू तिच्या पोटात ठेवली होतीत काय?"

दिराचे कान लाल. हे फासा हातात घोळवत बसलेले. मध्येच एवढंच म्हणाले, "तिला भीती वाटते आहे. तेवढं कोणी विचारत नाही."

दोघं इकडे, एक तिकडे. पण ह्यांचं मत धरायचं नाही असं दिराचं म्हणणं, वीज त्यांचीच म्हणून. मग शेवटचा शब्द माझा. लेकीने पडद्यावरून विचारलं, "सरदार, निर्णय?" मी आठवड्याची मुदत मागितली.

शनिवार, १७ फेब्रुवारी

निर्णय दिला. नियम तो नियम. उजाडायच्या आत वीज कूळ सोडेल. खरं लिहायचं तर सरदाराचा तो करडा आवाज काढताना मला मजा आली.

ह्यांनी खुर्ची मागे सारली. "दगड आहेस तू. दगड!"

लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दिरासमोर, शिंपीणबाईंसमोर, लेकीसमोर! शिंपीणबाईंनी बाण टेबलावर ठेवल्यासारखं केलं. "माझी तिरंदाज विजेबरोबर चालली." कुळाचे दोन तुकडे.

लेक खाली मान घालून लिहीत होती. बराच वेळ. एवढं काय लिहायचं होतं?

सोमवार, १९ फेब्रुवारी

हे बाहेरच्या खोलीत झोपतात. पाठ दुखते म्हणे. मला काय कळत नाही?

शनिवार, २४ फेब्रुवारी

खेळ नाही. लेकीला काम आहे. फोन केला. आवाज बसलेला. "सर्दी झालीय." सुट्टी कधी, तर "बघू." चार महिने झाले, घरी आली नाही. आधी दर पंधरा दिवसांनी यायची, कपड्यांचं बोचकं घेऊन.

हे फोनवर तिच्याशी बोलायला गच्चीत गेले. माझ्यासमोर बोलता येत नाही का?

रविवार, ३ मार्च

शिंपीणबाईंकडे पडदे शिवायला टाकले. मापं घेता घेता म्हणाल्या, "ताई, एक विचारू? विजेला घालवायचं सरदाराला वाटलं की तुम्हाला?"

"सरदाराला," मी म्हटलं. पटकन म्हटलं.

घरी आले आणि मावसबहीण आठवली. किती वर्षांनी! मी अकरा वर्षांची. ती पायऱ्यांवर उभी, अंगात तिच्या बापाचा ढगळ कोट. आत येऊ का, म्हणाली. आई मला म्हणाली, "कडी लाव." मी लावली. घट्ट बसत नव्हती म्हणून दोन्ही हातांनी रेटून लावली. आई "शहाणी माझी" म्हणाली, तर मला केवढा आनंद झाला होता.

पुढे तिचं काय झालं, मी कधी विचारलंच नाही. आईही गेली. आता कोणाला विचारू?

तिसरा नियम कुठून सुचला ते कळलं.

मंगळवार, ५ मार्च

ह्यांना मावसबहिणीचं सांगितलं. माझ्या हातावर हात ठेवून बसले. ग्रीसचा वास. मग उठून उशी आत घेऊन आले.

शनिवार, २३ मार्च

महिन्याने खेळ. मीच लेकीच्या मागे लागले होते. लेक बारीक दिसते तोंडाने. दिवा डोक्यामागे, नीट दिसतही नाही.

तिने विजेचं सांगायला सुरुवात केली. "सहावा महिना. ढाल पाठीवर बांधली तर पट्टा पोटावर येतो, म्हणून ती हातात घेऊन चालते आहे. तिरंदाज सोबत आहे, पण रात्र झाली की वीज शेकोटीच्या दिशेने तोंड करून झोपते. रागावलेली नाही. तिला फक्त कोणीतरी—" आणि थांबली. नाक पुसलं. "सॉरी. सर्दी."

काय सांगते ही पोर! मला राहवेना. उभीच राहिले.

"परत बोलवा तिला."

दीर म्हणाला, "वहिनी, नियम?"

"मी केला होता. मीच खोडते." पेनाने खोडला. कागद फाटला तिथे. "आणि घोड्यावर मी स्वतः जाणार. सरदार जाणार. कोणाला पाठवणार नाही."

"आणि मूल?" दिराने विचारलं. "नाव कोणाचं लावणार?"

"आईचं. नाव आहे ना तिला?"

दिराने फाटका कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "थंडीचं जाताय, वहिनी. मांत्रिकाची घोंगडी न्या." शिंपीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. लाज नाही आम्हाला, एवढी मोठी माणसं!

हे माझ्याकडे बघत नव्हतेच. पडद्याकडे बघत होते. पडदा काळा. लेकीने बंद केला होता. नेट गेलं असेल म्हटलं, तर हे म्हणाले, "नाही. थांब जरा. करेल ती फोन."

रविवार, २४ मार्च

सकाळी सातला केला. सहावा महिना आहे. विजेचा नाही — तिचा.

ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला सांगायचं धैर्य दोघांनाही नव्हतं. मी टेबलापाशी जे जे बोलले ते सगळं माझ्या लेकीने ऐकलं आहे. मान खाली घालून लिहून घेतलं आहे.

साडेनऊची गाडी आहे. हे डबा भरताहेत. मी एकटीच जाते म्हटलं.

उतरल्यावर आधी तिच्या तोंडाकडे बघायचं. पोटाकडे नाही.