दहा वर्षांच्या मुलींचे कोट

शारजा, ९ नोव्हेंबर १९९३

ताहिरा, सलाम.

बोस्नियात लढाई चालू आहे आणि घरं गमावलेली कुटुंबं थंडीत कुडकुडताहेत. आपल्या कोकणी जमातीने तिथे कपडे पाठवायचं ठरवलं. दहा वर्षांच्या मुलींचे चाळीस लोकरी कोट माझ्याकडे आले. कटिंग मी कुणा उस्तादाशिवाय शिकलो, तरी पाव इंचाची चूक कधी केली नाही, हे तू जाणतेस. मापं कुणी दिली नव्हती. आपली नसीबा दहाचीच, म्हणून तिच्या अंदाजाने कापले.

काल जमातीचे बदरुद्दीनभाई एक कोट उचलून हसले. "मास्टर, यात सहा वर्षांची पोरगी मावेल. लेकीला शेवटचं कधी पाहिलंत?"

चार वर्षं झाली. मी म्हणालो, "कापड आटलं." खोटं बोललो. लोकर मी आधी भिजवूनच घेतो.

ते कोट लहानग्यांना जातील. आता नवे चाळीस शिवायचेत, आणि बोटं वळत नाहीत. माप बदरुद्दीनभाईंच्या दहा वर्षांच्या लेकीचं, हिबाचं घेतलं. खांदा साडेतेरा, बाही वीस. नसीबाचंही तेवढंच असेल का, हे तुला विचारायचं होतं. पण माझी पत्रं तुला आता तीच वाचून दाखवते. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

तुझा, दमलेला
इस्माईल